डावी पोटरी

रेनो साल्मीची डावी पोटरी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उडायला लागली. सकाळी तो पलंगाच्या कडेला बसून मोजे चढवत होता. कातडीखाली काहीतरी वळवळलं, थांबलं, पुन्हा वळवळलं. दुखत काही नव्हतं. दुसरा कोणी असता तर एकदा हात फिरवून कामाला लागला असता. रेनो एक मोजा हातात धरून बराच वेळ तसाच बसून राहिला.

त्याची बायको आयला दीड वर्षापूर्वी गेली होती. तिला एएलएस झाला होता. या रोगात स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आधी हात जातात, मग पाय, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख असतं, आणि तेच सगळ्यात वाईट. तिचं सुरू झालं होतं दंडाच्या अशाच उडण्यानं. एका संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या तिनं बाही वर केली आणि म्हणाली, "हे बघ, कसं नाचतंय." रेनो करवतीला धार लावत होता. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "नाचू दे. तुला नाही तर निदान दंडाला तरी येतं." दोघंही हसली. हे वाक्य तो आता दिवसातून एकदा तरी ऐकायचा, स्वतःच्याच आवाजात.

पोटरीचं त्यानं कोणाला सांगितलं नाही. मुलगी कार्ला काही तासांवरच्या ग्रीन बे शहरात राहायची. आईच्या शेवटच्या सात महिन्यांत ती नोकरी सोडून इथं येऊन राहिली होती. चमच्यानं भरवायची, नळी साफ करायची, आईला कुशीवर वळवायची. आता कुठं तिला दुसरी नोकरी मिळाली होती आणि फोनवर ती कधीमधी हसायलाही लागली होती. तिला पुन्हा याच घरात, याच कामाला बोलवायचं, हा विचार आला की रेनो उचललेला फोन खाली ठेवायचा. मरायची त्याला तितकी भीती नव्हती. तिच्या हातून भरवून घ्यायची होती.

रेनोनं एकतीस वर्षं काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ सारायचा ट्रक चालवला होता. यंत्र बिघडलंय का हे यंत्रालाच विचारायचं असतं, एवढं त्याला कळत होतं. तो पायाला विचारायला लागला. रोज सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर एकट्या डाव्या चवड्यावर उभं राहायचं आणि तीस आकडे मोजायचे. मग टाचांवर स्वयंपाकघरात फेऱ्या मारायच्या. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण आवळून लावायचं आणि उघडायचं, आधी उजव्या हातानं, मग डाव्या. एवढं झालं की अंगणात जाऊन मेपलचे ओंडके फोडायचे. दुपारपर्यंत किती फुटले ते मोजायचं. कालच्यापेक्षा कमी भरले तर जेवण जायचं नाही. जास्त भरले तर दुसऱ्या दिवशी हात थरथरायचे, आणि त्या थरथरण्याकडे बघून पुन्हा जेवण जायचं नाही. सप्टेंबरात मांडी उडायला लागली, मग अंगठा, मग डावी पापणी. ते पसरतंय, असं त्यानं स्वतःशी म्हटलं. लाकडाची थप्पी तोवर खिडकीच्या वर गेली होती.

हे सगळं लपलं असतं, पण शनिवार आडवा येत होता. शनिवार म्हणजे सौना, वाफेची अंघोळ. एक शनिवार रेनोकडे, पुढचा त्याचा जुना मित्र रुडी कांगासकडे, ही त्यांची चाळीस वर्षांची वहिवाट. बारकी लाकडी खोली, भट्टीवर तापलेले दगड, त्यांवर ओतलेलं पाणी, आणि त्या वाफेत दोन म्हातारे उघडेनागडे बसलेले. तिथं काही लपत नाही. रेनोच्या अपेंडिक्सचा व्रण रुडीला पाठ होता आणि रुडीच्या पाठीवरचे तीळ रेनोला. पोटरी तिथं कुठं लपवणार? आणि रुडीनं आयलाला शेवटपर्यंत बघितलं होतं. एकदा बघितलं की त्याला कळणार, आणि रुडीला कळलं की ते खरं होणार.

ऑक्टोबर लागेपर्यंत तो पोटरीवर टॉवेल टाकून कसाबसा निभावून गेला, मग तेही जमेना. पहिल्या शनिवारी त्यानं सांगितलं, गुडघा दुखतोय. दुसऱ्या शनिवारी, कार्ला यायचीय. तिसऱ्या शनिवारी त्याच्या घरची पाळी होती. काय सांगावं सुचेना, तेव्हा तो फोनवर बोलून गेला, "भट्टीचा पत्रा तडकलाय. या वेळी राहू दे."

फोन ठेवता ठेवताच त्याला कळलं की आपण चूक केली. गुडघा दुखतो म्हटलं तर इथला माणूस 'बरं' म्हणतो आणि गप्प बसतो. पण कोणाची सौना बंद पडली हे कानावर आलं की त्याला घरात बसवत नाही. त्यातून रुडी जन्मभराचा वेल्डर.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आत रुडीचा ट्रक अंगणात आला. मागे वेल्डिंगचं यंत्र, पुढच्या सीटवर त्याच्या बायकोनं, एल्सीनं, फडक्यात बांधून दिलेला वेलदोड्याचा निसू पाव.

"कुठं आहे तडा?" रुडीनं उतरता उतरता विचारलं.

"अरे, इतकी घाई कशाला? मी केलं असतं काहीतरी."

"तू काय करणार? तुझं वेल्डिंग मी पाहिलंय. कोंबडीनं चोच मारल्यासारखं. हो बाजूला."

तो बॅटरी घेऊन सौनाच्या खोलीत गेला. रेनो बाहेर उभा राहिला. आतून दगड काढून ठेवल्याचे आवाज यायला लागले, एकेक, सावकाश. थांबवायला हवं होतं, पण काय सांगून थांबवणार? अर्ध्या तासानं रुडी बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे.

"सगळे दगड काढले," तो म्हणाला. "पत्रा नव्यासारखा आहे."

"मग मला भास झाला असेल."

"भास. तुला." रुडीनं फडक्याला हात पुसले. "बरं, एक सांग. आमचं काही चुकलं का? एल्सी म्हणते, मागच्या खेपेला मी आयलाचं नाव काढलं म्हणून तुला लागलं. ती तीन आठवडे माझं डोकं खातेय."

"नाही रे. तसं काही नाही."

"मग झालं काय? तीन शनिवार, रेनो. माझा बाप गेला त्या आठवड्यातसुद्धा आपण चुकवली नव्हती."

रेनो लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर बसला. खरं सांगायला लागणारी ताकद त्याच्याकडे नव्हती, आणि आणखी एक थाप मारायला लागणारीही नव्हती. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि मोजा खाली केला.

पोटरी उडत होती. पाण्यात बारके मासे फिरावेत तसं कातडीखाली हलत होतं. रुडी वाकला, मग जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि काळ्या हाताचा तळवा त्यानं पोटरीवर ठेवला.

"कधीपासून?"

"ऑगस्ट."

"कार्लाला सांगितलंस?"

"नाही."

"आणि इथं लाकडं फोडत बसलास. मी एल्सीला म्हणत होतो, या लेकाला हिवाळ्यात अख्खी काउंटी तापवायचीय."

"आयलाचं असंच सुरू झालं होतं."

रुडीनं हात काढला नाही. "डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"गेलो की नक्की होईल."

"आणि नाही गेलास तर?"

"तर अजून झालेलं नाही."

रुडी उठला, पँटची माती झाडली आणि परत सौनात गेला. दगड पुन्हा भट्टीवर रचल्याचे आवाज येऊ लागले. ते काम त्यानं पूर्ण केलं, मग घरात येऊन फोन उचलला आणि एल्सीला लावला.

एल्सी फोनवर आली की समोरच्याची सुटका नसते. मार्क्वेट शहरातल्या, नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे फेब्रुवारीपर्यंत जागा नव्हती. दोन दिवसांत एल्सीनं कोणाची तरी रद्द झालेली वेळ मिळवली, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारची. ती कशी मिळवली हे रुडीनंही विचारलं नाही.

मधले दहा दिवस रेनो फारसा झोपला नाही. लाकूड फोडायचं त्यानं सोडलं नाही. सौनाला तो गेला नाही.

मंगळवारी रुडी त्याला घेऊन निघाला. शंभर मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंना पानं गळलेली झाडं, वाटेत थोडा बर्फ. रुडी हरणांच्या शिकारीबद्दल बोलत होता. दहा दिवसांवर शिकारीचा मोसम आला होता आणि त्याच्या मेव्हण्यानं मचाण भलत्याच जागी बांधलं होतं. रेनो 'हं' म्हणत होता. याच रस्त्यानं तो आयलाला घेऊन किती वेळा गेला, हे मोजायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

दवाखाना तोच, मजला तोच, खोलीही बहुतेक तीच. डॉक्टर बेलांजेही त्याच, आयलाला रोगाचं नाव सांगणाऱ्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोलताना समोरच्याकडे बघणाऱ्या. पूर्वी रेनोला ते आवडायचं, आज नको वाटलं.

"मिस्टर साल्मी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला इथं बघून बरं वाटलं असं मी म्हणणार नाही."

"मीही नाही म्हणणार."

त्यांनी त्याला कपडे काढायला लावले आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग छोट्या हातोडीनं गुडघ्यावर, कोपरावर, घोट्यावर मारलं. मग चाकांच्या स्टुलावर समोर येऊन बसल्या आणि तळपायाला हात लावला.

"ढकला मला."

आयलाच्या वेळी याच शब्दांवर काय झालं होतं, ते रेनोला आठवत होतं. तिनं ढकललं होतं, चेहरा लाल होईपर्यंत ढकललं होतं, आणि डॉक्टरांचा हात जागचा हलला नव्हता. रेनोनं दात आवळले आणि ढकललं. स्टूल मागे घरंगळत गेलं आणि भिंतीला आपटलं.

"बरं," डॉक्टर भिंतीपाशी बसूनच म्हणाल्या. "दुसरा पाय जरा बेतानं."

मग सुयांची तपासणी झाली. बारीक सुई स्नायूत घालायची आणि यंत्रावर ऐकायचं. आयलाच्या वेळी यंत्र थांबतच नव्हतं, ती हात सैल सोडून पडलेली असतानाही लाह्या फुटत असल्यासारखं तडतडत होतं. आता सुई पोटरीत गेली आणि यंत्र गप्प. एकदा टक् झालं. थोड्या वेळानं आणखी एकदा. मग बराच वेळ काही नाही. डॉक्टरांनी सुई मांडीत घातली, मग दंडात, मग पाठीत, आणि रेनो त्या शांततेकडे कान लावून पडून राहिला.

"कपडे घाला," त्या म्हणाल्या. तो बटणं लावत असतानाच म्हणाल्या, "तो रोग नाही."

रेनोचा हात थांबला नाही. शेवटचं बटण लावून तो म्हणाला, "उडतंय तर आहे."

"उडतंय. उडेलही, काही महिने, कदाचित काही वर्षं. नसा चांगल्या आहेत. ताकद तुमच्या वयाच्या माणसाला लाजवेल अशी आहे. झोप किती येते?"

"तीन तास."

"कष्टाचं काम काही करता?"

"लाकूड फोडतो. ताकद बघायला."

"रोज?"

"रोज."

त्यांनी लिहून घेतलं. "कॉफी?"

"एक किटली."

"दिवसभरात अख्खी किटली? केवढी?"

"दोघांची आहे," रेनो म्हणाला. "तेवढीच करायची सवय आहे. उरलेली टाकवत नाही."

डॉक्टरांचं पेन थोडं थांबलं, मग त्यांनी तेही लिहिलं. "छोटी घ्या," एवढंच म्हणाल्या.

रेनो उठला नाही. इतकं ऐकून माणसानं उठायला हवं, हे त्याला कळत होतं. "आयलाचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "तिनं मला दंड दाखवला. मी चेष्टा केली. तेव्हाच आणलं असतं तर..."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिचं असं सुरू झालं नव्हतं." त्यांनी संगणकावर काहीतरी शोधलं. "तिच्या पहिल्या भेटीची नोंद आहे इथं. वर्षभरापासून डावा हात अशक्त. विणायच्या सुया हातातून सुटतात, म्हणून विणणं सोडलं. उडायला लागलं ते त्यानंतर. तिनंच सांगितलं होतं मला."

"माझ्यासमोर नाही सांगितलं."

"तुम्ही गाडी लावायला गेला होता. तेवढ्या वेळात सांगितलं. आणि आधी आणलं असतंत तरी मी काही वेगळं करू शकले नसते. हे मी तेव्हाही म्हटलं होतं."

विणणं तिनं सोडलं होतं, हे खरं. लोकर वाईट निघाली म्हणाली होती, गाठी पडतात. रेनोनं ती लोकर पिशवीत भरली होती, पंचेचाळीस मैल जाऊन दुकानदाराशी भांडून बदलून आणली होती. नवी लोकर तिनं टोपलीत ठेवली आणि म्हणाली, "किती छान रंग आहे." ती लोकर अजून तशीच होती.

"वीस वर्षं सहज लाकूड फोडाल तुम्ही," डॉक्टर दारापर्यंत येऊन म्हणाल्या. त्याला बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या होत्या.

बाहेर रुडी मासेमारीचं जुनं मासिक घेऊन बसला होता. रेनोला बघून उभा राहिला. मासिक हातात गुंडाळत राहिला.

"नाही म्हणाली," रेनो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"ते नाही. झोप काढा, कॉफी कमी करा."

रुडीनं मान हलवली, एकदा, दोनदा. मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. "मग एवढ्यासाठी मला शंभर मैल आणलंस," तो म्हणाला. "चल. पोटात काहीतरी घालू."

वाटेत त्यांनी मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या दोन पेस्टी घेतल्या आणि ट्रकमध्येच खाल्ल्या. रुडीनं एल्सीला फोन लावून सांगितलं, पलीकडून तिचं रडणं रेनोलाही ऐकू आलं. मग पुन्हा रस्ता, पुन्हा झाडं. बर्फ आता जास्त पडत होता.

"तुला आनंद झालेला दिसत नाही," बऱ्याच वेळानं रुडी म्हणाला.

"मलाही तेच वाटतंय."

"का रे?"

रेनोनं विचार केला. "तीन महिने मी नाही नाही म्हणत होतो. पण आत कुठंतरी वाटत होतं, झालं तर झालं. ती गेली तसं आपणही. आता बाई म्हणते वीस वर्षं." तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "वीस वर्षं म्हणजे फार झाली, रुडी."

रुडीनं हीटर थोडा वाढवला. रेनोचे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा ट्रक उभा होता. इंजिन चालू होतं, हीटर चालू होता, काचा बर्फानं पांढऱ्या झाल्या होत्या. बाजूच्या काचेवर त्यानं हात फिरवला. त्याचंच अंगण होतं. रुडी स्टिअरिंगवर ट्रकचं माहितीपुस्तक उघडून वाचत होता.

"किती वेळ झाला?"

"दीड तास."

"उठवायचं होतंस."

"हाक मारली दोनदा. तुझ्या घोरण्यात तुला कुठली ऐकू जाणार." रुडीनं पान उलटलं. "आयलानं चाळीस वर्षं कशी काढली, हेच मला कळत नाही."

"कोपर मारायची. इथं." रेनोनं बरगडीवर बोट ठेवलं.

"जोरात?"

"जोरात. काळंनिळं व्हायचं." रेनो थांबला. बोट बरगडीवरच होतं. "मग हळू मारायला लागली. मला वाटलं, माझं घोरणं कमी झालं."

रुडीनं पुस्तक मिटलं. रेनोची पोटरी उडत होती. पँटवरून हात ठेवला की कळत होतं. त्यानं हात ठेवला नाही.

"कार्लाला फोन कर," रुडी म्हणाला.

"चिडेल. आधी का नाही सांगितलं म्हणेल."

"मग चिडू दे. बोलेल तेवढं ऐकून घे."

रेनोनं फोन काढला आणि नंबर लावला. रुडी दार उघडून खाली उतरला, मागच्या बाजूनं फावडं काढलं आणि रेनोच्या दारापुढच्या पायऱ्यांवरचा बर्फ सारायला लागला. पलीकडे घंटी वाजत होती. चौथ्या घंटीला तिनं उचलला.

"बाबा? आज मंगळवार, आज कसा काय फोन?"

"काही नाही झालेलं," रेनो म्हणाला. "आधी एवढं ऐक, काही झालेलं नाही. आता बाकीचं सांगतो."